थाळनेर : किल्ल्यावर उभे राहून आम्ही किल्ला शोधत होतो

पांझराकाठ :

नमस्कार. मी मूळचा धुळ्याचा असून गेली बारा वर्षे नोकरीनिमित्त नाशिकला राहतो. दिवाळीत घरी आलो की एक दिवस सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाऊन यायचे, असा आमच्याकडे प्रघात आहे. यंदा वडिलांनी थाळनेरचे नाव काढले. ते निवृत्त शिक्षक आहेत. खानदेशच्या फारुकी घराण्याबद्दल इतिहासाच्या तासाला जे थोडेसे सांगायचे असते, ते त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यासमोर उभे राहून सांगितले. पण ज्या गावात त्या घराण्याचा पाया घातला गेला आणि पहिली राजधानी होती, ते गाव घरापासून दीड तासाच्या अंतरावर असूनही त्यांनी कधी पाहिले नव्हते.

सोनगीर, नरडाणा करत सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडली, शिरपूरला नाश्ता केला आणि अकराच्या सुमारास थाळनेरला पोहोचलो. माझी मुलगी सातवीत आहे. मागच्या वर्षी तिला देवगिरी दाखवला होता, त्यामुळे किल्ला म्हटला की खंदक, भुयारी वाट, तोफ आणि शेवटी धाप लागेपर्यंत पायऱ्या, असा तिचा हिशेब पक्का झालेला आहे. माझ्याही डोळ्यांपुढे मोबाइलवर पाहिलेली एक चित्रफीत होती. आकाशातून टिपलेली तापी, तिच्या काठाने गेलेली तटबंदी आणि मागे ढोलताशांचा गजर असा तो सगळा थाट होता. त्या चित्रफितीने फसवले असे मी म्हणणार नाही, पण माणूस काही आकाशातून चालत जात नाही.

प्रत्यक्षात झाले ते असे. गावातून चढ चढून आम्ही वर गेलो, तर समोर एक सपाट, उंचसखल जागा होती. काटेरी झुडपे, वाळलेले गवत, मध्येच विटांचा खच आणि चरायला सोडलेल्या चार शेळ्या, एवढेच तिथे होते. दहा मिनिटे चालून झाल्यावर मुलीने विचारले, "आजोबा, किल्ला कुठंय?" वडील जरा थांबले आणि म्हणाले, "आपण त्याच्यावरच उभे आहोत, बाई." तिने आधी पायांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. त्या पाहण्याने मला फार ओशाळल्यासारखे झाले.

इथे काय पाहायचे, आत कुठून यायचे आणि कुठे थांबायचे, हे सांगणारी पाटी आम्हाला कुठेही आढळली नाही. खाली उतरल्यावर पारावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी अहिराणीत विचारले, "काय देखाले उनात? आठे ते काहीच नही ऱ्हायनं." (काय पाहायला आलात? इथे तर काहीच राहिलेले नाही.) मग त्यांनीच मोठ्या अभिमानाने सांगितले की लतादीदींचे आजोळ याच गावातले. ते खरेही आहे, कारण माई मंगेशकर या थाळनेरच्या लाड घराण्यातल्या. पण राजधानी पाहायला आलेल्या माणसाला शेवटी आजोळ पाहून परतावे लागले, ही माझी तक्रार आहे.

परतीच्या वाटेवर वडील फार बोलले नाहीत. धुळ्यात शिरताना एवढेच म्हणाले, "मुलांना इतकी वर्षे मी जे सांगत आलो, ते तिथे कुठेच दिसले नाही." म्हणून हा धागा काढला आहे. थाळनेरला आमच्या नजरेतून काही निसटले, की तिथे खरोखरच काही उरलेले नाही? जाणकारांनी सांगावे.

---

शिरपूरकर :

आपला अनुभव वाचून वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. पाहुणे आले की आम्हीही त्यांना नागेश्वरला नेतो आणि थाळनेरचे नाव काढत नाही, कारण नंतर काय ऐकावे लागणार हे ठाऊक असते. तरी एक विचारतो. आपण फारुकींचे मकबरे पाहिलेत का? लिहिण्यात त्यांचा उल्लेख नाही. थाळनेरला जाऊन मकबरे न पाहणे म्हणजे लग्नाला जाऊन मांडवातूनच परत फिरण्यासारखे आहे.

---

पांझराकाठ :

मकबरे? त्यांच्याबद्दल आम्हाला कोणीच काही सांगितले नाही. आम्ही किल्लाच शोधत राहिलो.

---

दप्तरदार :

धागाकर्त्यांनी मनापासून लिहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो. माझ्या मते आपला अपेक्षाभंग दोन ठिकाणी झाला. एक म्हणजे 'राजधानी' या शब्दाने आणि दुसरे म्हणजे आपण जिथे उभे राहिलात त्या जागेने.

आधी राजधानीचे पाहू. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक अहमद, म्हणजेच मलिक राजा, याला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला. १३८२ च्या सुमारास तो दिल्लीला न जुमानता कारभार करू लागला आणि १३९९ मध्ये वारला. मरण्यापूर्वी त्याने दोन मुलांत वाटणी केली. थोरल्या नसीरकडे पूर्वेचा भाग आला आणि धाकट्याकडे थाळनेर राहिले. नसीरने लवकरच असीरगड घेतला, तापीकाठी नवे शहर वसवले आणि शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याला बऱ्हाणपूर असे नाव दिले. १४१७ मध्ये माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन त्याने भावाकडून थाळनेरही काढून घेतले. म्हणजे थाळनेरच्या वाट्याला राजधानीचा मान आला तो एका पिढीपुरता. त्यानंतर अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड ताब्यात घेईपर्यंतची दोनशे वर्षे घराण्याचा सगळा पैसा, कारागीर आणि हौसमौज बऱ्हाणपुराकडे वाहत राहिली. महाल, हमामखाने (स्नानगृहे) आणि मोठ्या मशिदी थाळनेरला नाहीत, याचे कारण त्या पडल्या हे नसून त्या तिथे कधी बांधल्याच गेल्या नाहीत. आपण जे शोधत होतात ते तिथे नव्हतेच.

आता उभे राहण्याच्या जागेचे पाहू, आणि हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १८१८ च्या मोहिमेत इथे आलेल्या इंग्रजांनी या किल्ल्याचे बारकाईने वर्णन करून ठेवले आहे. त्यानुसार किल्ल्याची एक बाजू थेट तापीच्या पात्रातून वर येते आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी शंभर ते दीडशे यार्ड रुंदीची घळ आहे. त्या घळीपासून तट सुमारे ६० फूट उंच आहे. नीट वाचण्यासारखे वाक्य त्यापुढचे आहे : किल्ल्याच्या आतली जमीनही तेवढ्याच उंचीवर आहे. याचा अर्थ तटाच्या माथ्यापर्यंत आतला भाग भरीव आहे. देवगिरीवर आपण तटाच्या पायथ्याशी उभे राहतो आणि तट आपल्या डोक्यावर येतो. थाळनेरला आपण पूर्वेकडच्या नागमोडी चढाने वर जातो आणि नकळत तटाच्या डोक्यावर जाऊन उभे राहतो. तिथून तट कसा दिसणार? घराच्या गच्चीवर जाऊन घराचा दर्शनी भाग शोधावा, तसे ते झाले.

हे असे का झाले, तेही सांगतो. सह्याद्रीतल्या किल्ल्यांना कातळ आयता मिळाला, म्हणून तिथे कडा तासला की तट तयार होतो. तापीचे खोरे म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या मातीचे जाड थर आहेत. पावसाचे पाणी त्या मातीत खोल घळी पाडते. काठाकाठाने गाडीतून जाताना या घळी आपण पाहिल्याच असतील. दोन घळींच्या मध्ये उरलेला नदीकाठचा उंचवटा हेरायचा, त्याला बाहेरून विटांचे आणि दगडांचे अस्तर द्यायचे आणि वर बुरूज चढवायचे, ही इथली रीत होती. अस्तर टिकले तोवर किल्ला दिसला. ज्या भागात अस्तर गेले तिथे माती उघडी पडली, आणि मातीला किल्ला म्हणायला आपली नजर तयार नसते.

ज्या पूर्वेकडच्या चढाने आपण वर गेलात, तिथे एकामागे एक पाच दरवाजे होते. महिदपूरच्या लढाईनंतर मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख कंपनीला देऊन टाकला, त्यात थाळनेरही गेले. पण किल्लेदाराने किल्ला सोडायचे नाकारले. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या तोफा सुरू झाल्या. तिसऱ्या दरवाजापाशी किल्लेदार स्वतः बाहेर येऊन स्वाधीन झाला. तुकडी चौथ्या दरवाजातूनही पुढे गेली आणि पाचव्या दरवाजाच्या दिंडीतून, म्हणजे त्यातल्या लहान दारातून, दोन इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांनिशी आत शिरले. किल्ल्यातल्या अरब शिपायांशी काय बोलणे झाले आणि कोणाला काय कळले, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पण तिथे झटापट झाली आणि ते दोघेही अधिकारी मारले गेले. त्यानंतर आतल्या सुमारे ३०० माणसांची कत्तल झाली आणि आधीच स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी देण्यात आली. या फाशीबद्दल पुढे इंग्लंडच्या संसदेत प्रश्न विचारले गेले. ज्या चढाने वर जाऊन आपल्या मुलीने "किल्ला कुठंय" असे विचारले, त्याच चढाच्या टोकाशी हे सगळे घडले.

मकबऱ्यांबद्दल शिरपूरकरांनी सांगितलेच आहे. त्यांतला अष्टकोनी मकबरा आवर्जून पाहावा. मांडूच्या होशंगशाहाच्या मकबऱ्याशी या मकबऱ्यांची तुलना अभ्यासकांनी केली आहे. घडण त्याच वळणाची आहे, पण दारे-खिडक्यांच्या कामात इथल्या कारागिराने अधिक हौस केली आहे.

---

अनवट_वाट :

दप्तरदारांची माहिती नेहमीप्रमाणे उत्तम आहे, पण एक खटकते म्हणून लिहितो. हे सगळे वाचल्यावर असा समज होतो की चूक पाहणाऱ्याची आहे. त्याने आधी १८१८ ची वर्णने वाचून यावे, घळीत उतरून तटाकडे मान वर करून पाहावे आणि मग धन्य व्हावे. सामान्य माणूस हे कुठून आणणार? धागाकर्त्यांचे वडील तर आयुष्यभर हाच विषय शिकवत आले, आणि त्यांनाही मकबऱ्यांचा पत्ता कोणी सांगितला नाही. यात त्यांचा दोष काय?

मी गेली पंधरा वर्षे सुट्टीच्या दिवशी खानदेशातल्या गढ्या आणि भुईकोट पाहत हिंडतो. पारोळ्याचा भुईकोट १७२७ चा आहे. झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे घराण्याशी त्याचा संबंध सांगितला जातो आणि भोवती एके काळी पाण्याने भरलेला खंदक होता. आज तिथे जाणाऱ्या माणसाला खंदक कुठे संपतो आणि बाजार कुठे सुरू होतो, हे ओळखता येत नाही. फरकांड्याला झुलते मनोरे पाहायला जावे, तर जोडीतला एकच मनोरा उभा आहे आणि दुसऱ्याचा ढिगारा आहे. एक हलवला की दुसरा हलतो, ही तर त्या जागेची सगळी गंमत होती. आता हलवायचे कोणी आणि हलायचे कोणी? या दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याने आपली उभी राहण्याची जागा बदलली, तरी पडलेला मनोरा उभा राहत नाही.

कारणे समजली म्हणजे झुडपे निघत नाहीत, एवढेच मला म्हणायचे आहे. माती ढासळते हे निसर्गाचे काम झाले. पण तटाच्या फटीत उगवलेला पिंपळ वेळीच काढणे हे माणसाचे काम आहे, आणि ते न झाल्याने पडलेली भिंत 'इथली रीत' या सदरात घालू नये.

---

दप्तरदार :

पिंपळाबद्दल पूर्ण सहमत. माझ्या लिहिण्यात ते यायला हवे होते. फक्त दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असे मला वाटते. फरकांड्याला जे होते ते गेले, ती हानी आहे. थाळनेरला जे कधी नव्हते त्याचीही आपण हानीत गणना करतो, आणि त्या नादात जे आहे त्याच्याकडे पाठ करून परततो. आपण सांगितलेला पिंपळ नेमका त्या दुर्लक्षित पाठीमागेच वाढतो.

---

बऱ्हाणपूरची_लेक :

दप्तरदारांनी बऱ्हाणपुराचे नाव काढले म्हणून लिहिते. माझे माहेर तिथलेच. राज्यांची पुनर्रचना झाल्यावर ते मध्य प्रदेशात राहिले, तरी आमच्या घरात खानदेशीच बोलली जाते आणि भरताची वांगी अजूनही जळगावच्या बाजूने मागवली जातात.

तुम्ही मंडळी म्हणाल की थाळनेरला काही बांधलेच नाही म्हणून निराशा झाली; पण जिथे सगळे बांधले गेले तिथे पाहुण्यांची काय गत होते, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. मुमताजमहल १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली. सहा महिने तिचा देह तापीच्या पलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, पुरलेला होता आणि डिसेंबरात तो आग्र्याला नेण्यात आला. हे वाचून येणारा पाहुणा मनात ताजमहाल घेऊनच गाडीतून उतरतो. शाही किल्ल्यात त्याला दाखवता येतो तो हमामखाना. छताकडे मान वर करून पाहिले, तर गिलाव्यावरची रंगीत वेलबुट्टी अजून दिसते; आणि मान खाली केली की, आमच्या वेळी तरी, कोपऱ्यात पिचकाऱ्या दिसत असत. पाहुणे छताचे छायाचित्र घेत आणि गप्पा मारत त्या कोपऱ्याच्या. आहूखाना तर बहुतेकांना पाहायचाच नसतो, कारण तिथली कबर रिकामी आहे.

मी मात्र पाहुण्यांना आधी जामा मशिदीत नेते, आणि याचा थाळनेरशी थेट संबंध आहे. राजा अली खान फारुकीने बांधलेल्या या मशिदीत अरबी शिलालेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात शके १५११ असा काल दिलेला आहे. मशिदीतला संस्कृत लेख पाहूनच लोक थबकतात, पण मला आवडते ते त्यातले आशय-सूत्र : त्यात फारुकी घराण्याची वंशावळ सांगितलेली आहे आणि ती राजा मलिकापासून सुरू होते. हाच तो थाळनेरला पुरलेला मलिक राजा. दोनशे वर्षांनंतर, वैभव अगदी भरात असताना, त्या घराण्याने आपली ओळख देवनागरीत दगडावर कोरताना पहिले नाव थाळनेरवाल्याचे घातले. धागाकर्त्यांच्या वडिलांनी जे शिकवले ते कुठे दिसले नाही, असे ते म्हणाले ना? ते इथे दिसेल. त्यांना घेऊन या. कुंडी भंडाऱ्यातही उतरून पाहा. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून येणारे पाणी जमिनीखालून शहरापर्यंत आणायची योजना झाली आणि ते पाणी अजून वाहते आहे. पाळण्यातून खाली गेले की पाण्याचा आवाज येतो. तिथून नाराज होऊन वर आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

---

कळण्याची_भाकरी :

धागा वाचून पोट भरले. एक व्यावहारिक सूचना करतो. थाळनेरला जाताना पाणी आणि डबा बरोबर असावा. दुपारी अकरा ही जाण्याची वेळच नव्हे; त्या वेळी ऊन डोक्यावर असते, मातीचा आणि विटेचा रंग एकच होतो आणि बुरूजसुद्धा ढिगाऱ्यासारखा दिसतो. सकाळी लवकर किंवा चारनंतर जावे.

---

पांझराकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात पुन्हा जाऊन आलो. या वेळी मी, वडील आणि मुलगी असे तिघेच होतो. वडील आधी नको म्हणत होते. दप्तरदारांचा प्रतिसाद मी मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या हाती दिला, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला, पेन्सिलने '६० फूट' खाली रेघ ओढली आणि कपाटातून कापडी टेप बाहेर काढला.

आम्ही साडेतीनला पोहोचलो आणि या खेपेस वर न जाता आधी घळीत उतरलो. तिथून तट खरोखरच अंगावर येतो. सगळीकडे नाही, बऱ्याच भागात नुसती मातीची दरड आहे आणि तिच्यात पक्ष्यांनी बिळे केलेली आहेत. पण एका बुरुजापाशी अस्तर शाबूत होते. खाली दगडाचे थर आणि वर विटांचे, असे ते काम होते, आणि मधल्या एका ठिकाणी अस्तराचा तुकडा गळून पडल्यामुळे आतली पिवळसर माती उघडी झाली होती. मुलीने त्या फटीत बोट घातले, तर माती पिठासारखी बोटाला लागली. बाहेर वीतभर दगड आणि आत नुसती नदी, असे काहीसे ती म्हणाली. टेपचा काही उपयोग झाला नाही, कारण तो वरून सोडायला कोणी नव्हते. मग वडिलांनी तिला भिंतीला पाठ लावून उभे केले आणि लांब जाऊन हातातल्या पेन्सिलीने तिच्या उंचीच्या पटीत तट मोजला. त्यांचा आकडा ४८ फूट आला. घळ भरत आली असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. पेन्सिल चुकली असावी, असे माझे.

नंतर मकबऱ्यांकडे गेलो. शिरपूरकरांचे म्हणणे आता पटले. अष्टकोनी मकबऱ्याला मुलीने तीन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक बाजू मोजून आठच आहेत, याची खात्री करून घेतली. दारे-खिडक्यांभोवतीचे कोरीवकाम पाहायला वडील चष्मा कपाळावर चढवून दगडापासून वीतभर अंतरावर उभे राहिले; उन्हे तिरपी होती, त्यामुळे नक्षीच्या प्रत्येक रेषेला सावली आली होती. कळण्याची_भाकरी यांनी सांगितलेल्या वेळेचा हा फायदा झाला. आत कबुतरांची वस्ती होती आणि खाली त्यांची घाण होती. हेही लिहितो, नाहीतर अनवट_वाट म्हणतील की याचेही मन वळवले.

त्यांचे म्हणणे तसेही मला मान्य आहे. दुसऱ्या खेपेला तट दिसला तो या धाग्यामुळे. तिथे गेल्यावर त्या जागेने आम्हाला काहीच सांगितले नाही. त्याच दिवशी एक कुटुंब आमच्यासारखेच वर जाऊन पाच मिनिटांत खाली उतरले. मी त्यांना थांबवून घळीकडे बोट दाखवले. त्यांना उशीर होत होता, ते निघून गेले.

एक प्रश्न मात्र उरला आहे. वर चढताना वडिलांनी पाच दरवाजांच्या जागा शोधायचा प्रयत्न केला. वाटेची दोन वळणे ओळखू आली आणि एका ठिकाणी जुन्या चौथऱ्याचे दगड दिसले; पण तो तिसरा दरवाजा की चौथा, यावर आजोबा आणि नात यांचे एकमत झालेले नाही. किल्लेदार जिथे बाहेर आला ती जागा आपण ओलांडली की नाही, हे कळल्याशिवाय वडील गप्प बसणार नाहीत. कोणाकडे जुना नकाशा आहे का?

---

दप्तरदार :

माझ्याकडे नकाशा नाही. मोहिमेच्या इंग्रजी वृत्तांतांबरोबर छापलेल्या नकाशांत मिळण्याचा संभव आहे. आपले वडील धुळ्यातच असतात, तर राजवाडे संशोधन मंडळाच्या ग्रंथालयात एकदा चौकशी करावी. मी येत्या शनिवारी सकाळी तिथे जाणारच आहे. त्यांना वेळ असल्यास दोघे मिळून शोधू.

---

पांझराकाठ :

त्यांना विचारले. ते येत आहेत, आणि नातीला शाळेला सुट्टी आहे का, हे त्यांनी मला दोनदा विचारले.